कुकरची रिंग आणि इटलीचा मोका

गेल्या पावसाळ्यात माझा मोका पॉट गळायला लागला. खालचं आणि वरचं भांडं आट्यांवर जिथे घट्ट बसतं, तिथून फुसफुस करत वाफ आणि तपकिरी पाणी बाहेर यायचं. शेगडीवर डाग पडायचे आणि वर कॉफी यायची ती जेमतेम दोन घोट. तीन रात्री मी व्हिडिओ पाहिले. एक जण म्हणे पूड बदला, दुसरा म्हणे भांडंच बदला. शेवटी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती दोन सेकंदांत म्हणाली, "अरे, रिंग गेलीय याची. कुकरची जाते तशी."

खरंच गेली होती. वरच्या भांड्याच्या तळाशी चाळणी असते आणि तिच्याभोवती रबराचा वॉशर. माझा वॉशर वाळलेल्या भाकरीच्या काठासारखा कडक झाला होता, एका जागी चिरलाही होता. चमच्याच्या टोकाने काढला, त्याच मापाचा नवा मागवला. तो येईपर्यंत चार दिवस हातात रिकामं भांडं होतं, आणि त्या चार दिवसांत मी हे भांडं आलं कुठून ते वाचत बसलो.

ते आलं उत्तर इटलीतून. ओर्ता सरोवराकाठी ओमेन्या नावाचं गाव आहे, त्याला लागून क्रुसिनाल्लो. आल्फोन्सो बियालेत्ती फ्रान्समध्ये काही वर्षं अ‍ॅल्युमिनियमच्या कामात हात घालून परतला आणि १९१९ मध्ये त्याने इथे आपला कारखाना काढला. १९३३ साली मोका जन्मला. कपडे उकळायच्या भांड्यात मधल्या नळीतून साबणाचं पाणी वर चढून कपड्यांवर पडतं, ते पाहून त्याला कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. मला ती जरा जास्तच गोंडस वाटते. लुईजी दे पोंती या माणसाचं नावही शोधक म्हणून घेतलं जातं, पण जाहिरातीत गोष्ट एकाचीच चालते.

यंत्र मात्र साधं आहे. खालच्या भांड्यात पाणी, व्हॉल्व्हच्या जरा खाली राहील एवढंच. वर उरलेल्या जागेत हवा. आच लागली की कोंडलेली हवा फुगते, वाफ तिला मिळते, आणि दोघी मिळून पाण्याला नळीतून वर, कॉफीच्या पुडीतून ढकलतात. पाणी नळीच्या तोंडाखाली गेलं की वाफच वर घुसते आणि गुडगुड आवाज येतो. तो आला की गॅस बंद. मी आधी थेंबाथेंबासाठी थांबायचो आणि मग कॉफी कडू लागते म्हणून दुकानदाराला नावं ठेवायचो.

इथे आईची कुकरविद्या मात्र एका ठिकाणी उलटी पडते. कुकरची शिट्टी झाली म्हणजे काम चालू आहे. मोकाचा व्हॉल्व्ह फुसफुसला तर काम अडलंय: पूड पिठासारखी बारीक आहे, किंवा ती चमच्याने दाबून ठासली आहे, किंवा चाळणी तुंबली आहे. गॅस बंद करा, भांडं पूर्ण गार होऊ द्या, मगच उघडा.

आता धातूकडे येतो, कारण हा इतिहास चवीपेक्षा धातूचाच जास्त आहे. इटलीकडे कोळसा आणि लोखंड कमी. बॉक्साइट होतं, आल्प्सच्या पाण्यावरची वीज होती. म्हणून मुसोलिनीच्या राजवटीने अ‍ॅल्युमिनियमला राष्ट्रीय धातूचा मान दिला. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला, तिथे विषारी वायूही वापरला. राष्ट्रसंघाने निर्बंध लादले आणि स्वावलंबनाची घोषणा आणखी मोठ्याने सुरू झाली. अरेबिका कॉफीचं मूळ घर म्हणजे इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडची डोंगराळ जंगलं. म्हणजे ज्या देशात कॉफी उगवली त्यावर बाँब टाकायचे, आणि घरी पुढे युद्धाच्या वर्षांत भाजलेल्या सातूची नाहीतर चिकोरीची 'कॉफी' प्यायची. माझ्या ओट्यावरच्या अष्टकोनी भांड्यात हे सगळं आहे, हे कळल्यावर पहिले दोन दिवस त्याकडे पाहणं जड गेलं. आल्फोन्सोने काही युद्ध केलं नव्हतं. तो आठवडी बाजारात आणि जत्रांत भांडी विकत फिरत होता. १९३४ ते १९४० या काळात सुमारे ७०,००० नगच विकले गेले. पण ज्या वाऱ्यावर त्याचं शीड फुगलं, तो वारा कुठून येत होता हे विसरता येत नाही.

नाव मात्र येमेनचं: तिथलं मोखा बंदर. त्याच किनाऱ्यावरून बाबा बुदन सात बिया लपवून चिकमगळूरला घेऊन आले, अशी दंतकथा आपल्याकडे आहे. आणि आज भारतीय कॉफीचा सर्वात मोठा परदेशी गिऱ्हाईक इटलीच आहे.

मोका घराघरात पोचला तो युद्धानंतर, मुलगा रेनातोमुळे. त्याने बाकीची भांडी बाजूला सारली आणि पैसा जाहिरातीत ओतला. पाओलो कांपानीने काढलेला मिशीवाला माणूस, कॉफी मागवताना बोट वर केलेला, आजही भांड्यावर आहे. घरातच कॅफेसारखी एस्प्रेसो, हा दावा. यावर हल्लीचे कॉफीशौकीन हसतात, कारण मोकात दाब एक-दोन बारचा आणि एस्प्रेसोला नऊ लागतात. पण १९३३ मध्ये कॅफेतली यंत्रंही वाफेवरच चालत, दीड बारच्या आसपास. नऊ बारवाली, वर सोनेरी फेस आणणारी गाज्जियाची यंत्रं १९४८ नंतरची. म्हणजे भांडं जन्मलं तेव्हा दावा बराचसा खरा होता. पुढे कॅफेच बदललं. रेनातो २०१६ मध्ये ९३व्या वर्षी गेला, आणि त्याच्या अस्थी मोठ्या मोकाच्या आकाराच्या कलशात ठेवल्या गेल्या.

वॉशर आला तेव्हा बाकीचंही उरकलं. आमच्या बोअरच्या पाण्याने आत पांढरे क्षार धरले होते. पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व टाकून, पूड न घालता एकदा चालवलं, मग नुसत्या पाण्याने एकदा. व्हॉल्व्हमधली बारीक दांडी बोटाने हलते का पाहिली. डिशवॉशरमध्ये हे भांडं कधीही घालू नका, काळं पडतं. आणि अ‍ॅल्युमिनियमचं असल्याने हॉस्टेलच्या इंडक्शनवर तापणारच नाही. गॅसच्या रुंद जाळीवर ते लवंडतं, त्यावर मी एक छोटी लोखंडी रिंगण ठेवतो.

दिवाळीत आई आली. पहिली कॉफी तिला दिली. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दूध मागितलं. मग ओट्यावर पडलेला चिरलेला वॉशर उचलून तिने माझ्या कुकरच्या जुन्या रिंगांबरोबर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. "असू दे," म्हणाली, "माप दाखवायला लागतं."