ऑर्फियसचे मागे वळणे

ग्रीक पुराणातील ऑर्फियस हा अलौकिक गायक. पत्नी युरिडिसी सर्पदंशाने मरण पावली, तेव्हा तो पाताळात उतरला आणि आपल्या गाण्याने त्याने मृत्युलोकाच्या राजालाही द्रवविले. पत्नी परत मिळाली. अट एवढीच, की वर पोहोचेपर्यंत मागे पाहावयाचे नाही. त्याने पाहिले आणि ती कायमची अंतरली. व्हर्जिल आणि ओव्हिड या रोमन कवींनी सुमारे २,००० वर्षांपूर्वी ही कथा काव्यात गुंफली.

मराठीत ती नव्याने सांगितली जी. ए. कुलकर्णी यांनी. त्यांची ‘ऑर्फियस’ ही कथा ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहात आहे. तीत मागे वळणे हा केवळ अधीर प्रेमाचा अपघात उरत नाही. त्यामागचा अर्थ हाच कथेचा गाभा होतो. प्रसंग जुना, प्रश्न मात्र नवा. वि. स. खांडेकरांनीही ‘ययाति’ (१९५९) लिहिताना महाभारतातील राजाला आपल्या काळाचे प्रश्न विचारले होते.

जी. ए. धारवाडला इंग्रजी शिकवीत आणि मराठीत लिहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. त्या शहरात राहिलेल्या मराठी कुटुंबांना मागे वळण्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. घरात त्यांनी मराठी जपली, तेही मागे वळून पाहणेच. पण ऑर्फियसने पाहून गमावले, त्यांनी पाहून राखले.