उष्णोदक स्नान

शरीराच्या स्वाभाविक तापमानाइतक्या किंवा त्याहून काहीशा अधिक, म्हणजे सर्वसाधारणपणे ३६° ते ४१° से. तापमानाच्या पाण्यात बसून अथवा ते अंगावर घेऊन केलेल्या स्नानास उष्णोदक स्नान म्हणतात. अशा स्नानाने स्नायूंचा ताठरपणा कमी होतो, मन शांत होते व झोप चांगली लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याचे कारण मात्र निरनिराळ्या काळांत निरनिराळे सांगितले गेले. प्रारंभी ते दैवी कृपेत, पुढे पाण्यातील क्षारांत व अलीकडे मुख्यत्वे उष्णतेत आणि पाण्याच्या भौतिक गुणधर्मांत शोधले गेले. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरीच्या ऊन पाण्याच्या कुंडांसंबंधी ही तिन्ही स्पष्टीकरणे आढळतात.

वज्रेश्वरीची कुंडे : भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या पात्रात व काठांवर वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इ. ठिकाणी उष्ण झरे आहेत. ठाणे, डोंबिवली, कल्याण या दाट वस्तीच्या शहरांना ते जवळचे होत. डोंबिवलीलगतच्या कोपर येथे मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग व दिवा–वसई मार्ग एकमेकांस छेदतात. त्या दुसऱ्या मार्गाने भिवंडी गाठून पुढे रस्त्याने कुंडांकडे जाता येते. किनाऱ्यास समांतर असलेल्या सु. ३५० किमी. लांबीच्या पट्ट्यात, उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत, असे झरे सु. १८ ठिकाणी आहेत. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे या कोकणातील ग्रामनामांतही ‘ऊन’ पाण्याची खूण टिकून आहे.

वज्रेश्वरी देवीने वधलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजेच हे ऊन पाणी, अशी लोकसमजूत आहे. भूविज्ञानाच्या दृष्टीने हे मुळात पावसाचेच पाणी होय. ते बेसाल्ट खडकातील भेगांवाटे खोलवर झिरपते, तेथे भूगर्भातील उष्णतेने तापते व दुसऱ्या भेगांवाटे वर येते. दक्खनचे लाव्हाथर सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे असल्याने त्यांची मूळ उष्णता केव्हाच निवून गेली आहे. त्यामुळे या झऱ्यांचा संबंध एखाद्या धुमसत्या ज्वालामुखीशी जोडता येत नाही.

इतिहास : वसईच्या मोहिमेत यश मिळाल्यास देवीचे मंदिर बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी केला होता, अशी परंपरा आहे. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला व त्यानंतर वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले. देवीचे दर्शन व कुंडातील स्नान ही यात्रेची दोन अंगे बनली. १९३६ मध्ये स्वामी नित्यानंद गणेशपुरीस येऊन राहिले व १९६१ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामुळे तेथील भीमेश्वर मंदिरालगतच्या कुंडांची ख्याती दूरवर पसरली. संधिवाताने अथवा त्वचारोगाने त्रस्त झालेली माणसे येथे येत व गुण आल्यास तो देवीचा किंवा स्वामींचा प्रसाद मानीत.

शास्त्रकारांनी उष्ण स्नानाचा विचार चिकित्सेच्या अंगानेही केला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले असून ऊन द्रवात बसण्याचा ‘अवगाह’ हा त्यांपैकी एक आहे. स्वेदापूर्वी स्नेहन, म्हणजे तेल-तुपाचा प्रयोग करावा, असा क्रम त्यात दिला आहे. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानातही आधी तेल व मग ऊन पाणी हाच क्रम दिसतो. वाग्भटाच्या मते उष्ण पाण्याचे स्नान शरीराच्या अधोभागास बलकारक असते. तेच पाणी डोक्यावर घेतल्यास केस व डोळे यांची शक्ती कमी होते. जेवल्याबरोबर स्नान करू नये, असेही त्याने सांगितले आहे.

मराठी घरांत तांब्याचा बंब, घंगाळ व न्हाणी ही उष्ण स्नानाची नित्याची साधने होती. कडकडीत पाण्यात विसण घालून ते सोसवेल इतके करणे, ही तापमान ठरविण्याची घरगुती रीत होती. बाळंतीण व तान्हे मूल यांना तेल लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालण्याची प्रथा अद्यापही आढळते.

अन्य संस्कृतींतही उष्ण स्नानास सामाजिक जीवनात स्थान होते. रोम येथे इ. स. २१६ मध्ये खुल्या झालेल्या काराकाल्लाच्या स्नानगृहांत थंड, कोमट व उष्ण अशी स्वतंत्र दालने होती व पोकळ जमिनीखालून उष्ण हवा खेळवीत. पश्चिम आशियातील हमामाची पद्धत मोगल काळात भारतात रूढ झाली. जपानमध्ये उष्ण झऱ्यांवरील स्नान हा आजही लोकजीवनाचा भाग आहे.

यूरोपात अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत झऱ्यांच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण होऊ लागले व रोगनिवारणाचे श्रेय क्षारांना मिळाले. तोच दृष्टिकोन येथेही आला. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये वज्राबाईच्या उष्ण झऱ्यांची नोंद आहे. हे पाणी ‘गंधकाचे’ म्हणून गुणकारी, असा समज पुढे दृढ झाला. वस्तुतः कोकणातील बहुतेक झऱ्यांत सोडियम, कॅल्शियम व क्लोराइड हे घटक प्रमुख आहेत. गंधकाचा वास काही झऱ्यांनाच येतो. शिवाय निरोगी त्वचेतून फारच थोडे क्षार आत शिरतात. म्हणून स्नानानंतर लगेच वाटणाऱ्या विश्रांतीचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

शरीर व मन यांवरील परिणाम : पाणी हवेच्या सु. २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून ऊन पाण्याची ऊब त्वचेस तत्काळ पोहोचते. त्वचेतील तापमानग्राही तंत्रिकाग्रे ही वार्ता मेंदूकडे नेतात. या संवेदनेमागील रेणवीय यंत्रणेच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासमवेत २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. उबेमुळे त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, रक्तदाब काहीसा उतरतो व स्नायू सैल होतात. सांध्यांभोवतीच्या ऊतकांची लवचिकता वाढल्याने हालचाल सुलभ होते आणि वेदनेची जाणीव मंदावते.

कुंडात गळ्यापर्यंत बसल्यास आणखी दोन परिणाम घडतात. उत्प्लावनामुळे शरीराचे भासमान वजन सु. एक दशांश उरते व शरीर तोलून धरणाऱ्या स्नायूंना विसावा मिळतो. पाण्याच्या दाबामुळे पायांतील रक्त छातीकडे सरकते व पायांची सूज ओसरण्यास मदत होते. बादलीतील पाण्याने केलेल्या स्नानात हे दोन लाभ नसतात. उबेचा लाभ मात्र असतो.

झोपेचे कारण यास पूरक आहे. स्नानानंतर विस्फारलेल्या वाहिन्यांतून, विशेषतः हातापायांतून, उष्णता झपाट्याने बाहेर पडते व शरीराचे आंतरिक तापमान उतरते. रात्री झोप येताना ते स्वभावतःही उतरत असते. यामुळे झोपण्यापूर्वी एक-दोन तास केलेल्या उष्ण स्नानाने झोप लवकर लागते, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे. कामातून मिळणारी उसंत व एकांत यांचाही मनावर अनुकूल परिणाम होतो.

मर्यादा : लाभ उष्णतेचा असल्यामुळे धोकाही तिच्याच अतिरेकाचा असतो. सु. ४२° से. च्या पुढे विश्रांतीऐवजी नाडी जलद होते व हृदयावर ताण पडतो. वज्रेश्वरी परिसरातील काही कुंडांचे पाणी याहून पुष्कळच ऊन असते, ६०° से. च्या पाण्याने काही सेकंदांत त्वचा भाजते. ऊन पाण्यातून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून घेरी येते. वृद्ध, हृद्रोगी, गर्भवती व मद्यपान केलेल्या व्यक्तींनी विशेष जपावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावलेल्यांनी पाण्याची ऊब दुसऱ्याकडून पारखून घ्यावी. साचलेल्या कोमट पाण्यात सूक्ष्मजंतू वाढतात. म्हणून अंगावर जखम असल्यास सार्वजनिक कुंडात उतरू नये.

शहरांत बंबाची जागा विजेच्या व गॅसच्या उष्णजलयंत्रांनी घेतली आहे. लहान, बंदिस्त न्हाणीघरात गॅसचे यंत्र पेटते राहिल्यास कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू साचतो. त्याने येणारी गुंगी स्नानाच्या सुखद ग्लानीसारखीच वाटते व त्यामुळे धोका ध्यानात येत नाही. असे यंत्र न्हाणीघराबाहेर बसविणे व हवा खेळती ठेवणे अत्यावश्यक होय.