‘हिट’ क्लासचा पहिला दिवस आणि त्यामागचा इतिहास

काही दिवसांपूर्वी चाळिशीतले एक गृहस्थ दवाखान्यात आले. मांड्या इतक्या दुखत होत्या की जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. “व्यायाम केला की अंग दुखणारच, त्यासाठी आलो नाही,” ते म्हणाले. “पण कालपासून लघवी कोऱ्या चहासारखी होतेय.” दोन दिवसांपूर्वी मित्राच्या आग्रहावरून जिममधल्या ‘हिट’ क्लासच्या फुकट ट्रायलला गेले होते. आयुष्यातला पहिलाच क्लास. रक्तातलं सीपीके हे एन्झाइम नॉर्मलच्या शंभरपटीहून जास्त निघालं. ॲडमिट करून भरपूर सलाइन दिलं. किडनी वाचली. घरी जाताना त्यांनी विचारलं, “डॉक्टर, हा व्यायामच वाईट आहे का?”

नाही. व्यायाम चांगला आहे. पण तो कुणासाठी आणि कसा तयार झाला, हे समजलं की त्यांचं काय चुकलं तेही समजतं.

नाव विश्रांतीचं आहे

हिट म्हणजे हाय इंटेन्सिटी इंटर्व्हल ट्रेनिंग. यातला ‘इंटर्व्हल’ म्हणजे मध्यंतर, दोन जोरदार फेऱ्यांमधली विश्रांती. १९३०च्या दशकात जर्मनीत धावण्याचे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी एकत्र काम सुरू केलं. थोडं अंतर वेगाने धावायचं, नाडी मिनिटाला १८०पर्यंत न्यायची, मग थांबून ती १२०पर्यंत उतरू द्यायची आणि पुन्हा धावायचं. नाडी दीड मिनिटात उतरली नाही, तर आजचा व्यायाम या माणसाला जास्त झाला, असं ते समजत. हृदय बळकट होतं ते या मध्यंतरात, असं त्यांचं मत होतं.

गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. तो विश्वविक्रम १६ वर्षं टिकला. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ४०० मीटरच्या असंख्य फेऱ्या मारून सराव केला आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,०००, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं घेतली. १९५४मध्ये चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस, रॉजर बॅनिस्टर, तर लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पाव मैलाच्या फेऱ्या, मध्ये विश्रांती, असा त्याचा सराव चाले.

ही सगळी माणसं वर्षानुवर्षं मेहनत केलेली होती, हे विसरू नका.

चार मिनिटांचा प्रयोग

आज क्लासच्या पाटीवर ‘टबाटा’ हा शब्द दिसतो. इझुमी टबाटा हे जपानी संशोधक. तिथल्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक खेळाडूंकडून जो सराव करून घेत, तो त्यांनी शास्त्रीय पद्धतीने तपासला आणि १९९६मध्ये निष्कर्ष छापले. एका जागी बसवलेल्या सायकलवर २० सेकंद जीव तोडून पेडल मारायचे, १० सेकंद थांबायचं, अशा ७-८ फेऱ्या. एकूण जेमतेम चार मिनिटं. सहा आठवड्यांत या तरुणांचा दम तर वाढलाच, शिवाय ऑक्सिजन अपुरा पडत असताना जोर लावण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. तासभर मध्यम वेगाने सायकल चालवणाऱ्या गटात ही दुसरी क्षमता वाढली नाही.

पण प्रयोगातली मुलं शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी होती. प्रत्येकाची क्षमता आधी मोजून त्यानुसार सायकलचा जोर ठरवला होता. त्याच चार मिनिटांच्या नावाखाली पाऊण तासाचा क्लास, मोठ्याने संगीत, वीस-पंचवीस माणसं आणि सगळ्यांना एकच वेग, हे नंतर आलं.

हृदयरोग्यांनाही हा व्यायाम चालतो. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये २००७च्या अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या वयस्क रुग्णांना चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं हळू असा व्यायाम दिला. त्यांना सलग मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट जास्त फायदा झाला. मात्र नाडी मोजत, देखरेखीखाली.

काळी लघवी: लंडनचा बॉम्बवर्षाव

माझ्या रुग्णाचा आजार वेगळ्याच ठिकाणी ओळखला गेला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखाली हात-पाय चेंगरलेली माणसं तासांनी बाहेर काढली जात. सुरुवातीला ठीक वाटत, मग लघवी काळपट होई, कमी होई आणि काही दिवसांत किडनी बंद पडून ती दगावत. १९४१मध्ये एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी अशा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. चेंगरलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन रक्तात उतरून किडनीला इजा करतं, हे पुढे स्पष्ट झालं. या आजाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात.

स्नायू फुटायला ढिगाराच लागतो असं नाही. सवय नसताना शेकडो बैठका किंवा उड्या मारल्या तरी तेच होतं. २०१७मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पहिल्याच स्पिनिंग क्लासनंतर हा आजार झालेले रुग्ण नोंदवले. धोका पहिल्या दिवशी जास्त असतो, कारण स्नायूंनी तो ताण एकदा हलका अनुभवला की पुढच्या वेळी इजा बरीच कमी होते. हृदयाचंही तसंच. १९९३च्या अमेरिकन अभ्यासात अचानक जोरदार श्रमांनंतरच्या तासाभरात हार्ट अटॅकचा धोका वाढलेला दिसला. व्यायामाची सवय नसलेल्यांत तो फार जास्त होता आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांत अगदी कमी.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा असं सांगितलं आहे. पहिल्या क्लाससाठी याहून चांगला नियम मला माहीत नाही.

तर पहिल्या दिवशी काय करायचं?

- आधी तीन-चार आठवडे रोज अर्धा तास भरभर चाला.
- पहिल्या क्लासला निम्म्याच फेऱ्या करा. दम लागून दोन शब्दही बोलता येत नसतील तर थांबा. शेजारचा काय करतोय ते पाहू नका.
- ताप, जुलाब, जागरण झालं असेल किंवा कडक ऊन असेल तर जाऊ नका. पाणी प्या.
- वय चाळीसच्या पुढे, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात हृदयविकार असेल तर आधी तपासून घ्या. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर सांगा. विदर्भात आणि आदिवासी भागांत सिकलसेलचे वाहक बरेच आहेत, त्यांनीही सांगावं.
- छातीवर दाब, जबडा किंवा हातात कळ, चक्कर आली तर लगेच हॉस्पिटल गाठा. लघवी काळपट झाली किंवा स्नायू सुजून कडक झाले तर त्याच दिवशी दाखवा. स्वतःच्या मनाने पेनकिलर घेऊ नका, त्याने किडनीला आणखी त्रास होतो.

ते गृहस्थ सध्या रोज सकाळी चालतात. पुढच्या महिन्यात पुन्हा क्लासला जायचं म्हणतात. मी हो म्हटलंय, पण अर्ध्या शक्तीने आणि मध्यंतर पूर्ण घेऊन.