‘सेल्फ-हेल्प’ : एका ग्रंथनामाचा इतिहास

ग्रंथाला नांव देणें हें ग्रंथ लिहिण्याइतकेंच जोखमीचें काम आहे. ग्रंथ मोजके लोक वाचतात. नांव मात्र सर्वांच्या दृष्टीस पडतें, आणि पुष्कळजण तेवढ्यावरच आपलें मत बनवून मोकळे होतात. हें आमचें म्हणणें ज्यांस अतिशयोक्तीचें वाटेल, त्यांनीं सॅम्युएल स्माइल्सच्या ‘सेल्फ-हेल्प’ या ग्रंथाची हकीकत पाहावी. आत्मोन्नतीचा मार्ग दाखविणाऱ्या पुस्तकांचा जो मोठा वर्ग आज इंग्रजींत याच नांवानें ओळखला जातो, त्याचा हा आद्य ग्रंथ होय.

स्माइल्स १८१२ सालीं स्कॉटलंडांतील हॅडिंग्टन येथें जन्मला. तो शिक्षणानें डॉक्टर. पुढें लीड्स शहरीं ‘लीड्स टाइम्स’चा संपादक झाला. त्या शहरांतील दोनतीन गरीब तरुणांनीं हिवाळ्याच्या रात्रीं एकत्र जमून, ज्याला जें येत असेल तें त्यानें इतरांस शिकवावें, असा उपक्रम आरंभिला. एका सोबत्याच्या लहानशा घरांत भरणारा हा वर्ग उन्हाळ्यांत बागेंत भरूं लागला. मंडळी वाढूं लागली, तेव्हां त्यांनीं एक मोठी पण कळकट खोली भाड्यानें घेतली. पूर्वीं तेथें पटकीच्या रोग्यांसाठीं तात्पुरतें रुग्णालय होतें, म्हणून तिला दुसरा भाडेकरूच मिळत नव्हता! याच तरुणांच्या विनंतीवरून स्माइल्सनें १८४५ च्या सुमारास त्यांच्यापुढें व्याख्यानें दिलीं, व त्यांतूनच हा ग्रंथ उदयास आला.

१८५५ सालीं राउटलेज या प्रकाशकांनीं त्याचें हस्तलिखित नाकारलें. अखेर १८५९ सालीं जॉन मरे यांच्याकडून तो बाहेर पडला. त्याच वर्षीं, त्याच प्रकाशकाकडून, डार्विनचा ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’हि निघाला. ‘सेल्फ-हेल्प’च्या पहिल्याच वर्षीं वीस हजार प्रती खपल्या.

परंतु १८६६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत ग्रंथकारास एक खंत नमूद करावी लागली. केवळ नांव पाहून कांहीं लोकांनीं हें पुस्तक म्हणजे स्वार्थाचें स्तोत्र ठरविलें होतें. आणि नांव बदलण्याची वेळ तर निघून गेली होती. स्वतःस उत्तम रीतीनें साहाय्य करण्यांत शेजाऱ्यास साहाय्य करणें येतेंच, असें त्यास बजावून सांगावें लागलें. ‘शील व आचरण यांच्या उदाहरणांसह’ अशा अर्थाचें उपशीर्षक ग्रंथास होतें खरें. पण उपशीर्षकाकडे लक्ष कोण देतो?

हा सर्व दोष उतावळ्या वाचकांचा, असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या भाषेंत ‘स्वार्थ’ आणि ‘स्वावलंबन’ हे दोन्ही शब्द ‘स्व’पासूनच निघाले असले, तरी एक निंदेचा व दुसरा स्तुतीचा, हें शाळकरी मुलासहि कळतें. इंग्रजी ‘सेल्फ’ला असें निर्मळ सोबती थोडे. शिवाय ज्या खोलींत ग्रंथाचा उगम झाला, तेथें कोणीहि एकटा शिकत नव्हता. जो तो दुसऱ्याच्या आधारानें वर चढत होता. त्या परस्परसाहाय्याचा मागमूसहि नांवांत उरला नाहीं. नांवानें फळ दाखविलें, मूळ झांकलें.

जपानांत नाकामुरा मासानाओ यानें १८७१ च्या सुमारास भाषांतर प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यानें मुख्य नांव ‘पाश्चात्त्य देशांतील दृढनिश्चयी पुरुषांच्या कथा’ अशा आशयाचें ठेवलें. ग्रंथांत कारागीर, संशोधक व उद्योजक यांचीं चरित्रें आहेत. तेव्हां हें नांव अधिक प्रामाणिक म्हणावें लागेल, आणि तिकडेहि पुस्तक अमाप खपलें. स्वतः स्माइल्सनें पुढें ‘कॅरॅक्टर’ (१८७१), ‘थ्रिफ्ट’ (१८७५) व ‘ड्यूटी’ (१८८०) हे ग्रंथ लिहिले. शील, काटकसर, कर्तव्य! यांपैकीं एकाहि नांवांत ‘सेल्फ’ नाहीं.

आकर्षक नांव ग्रंथास वाचक मिळवून देतें, हें खरें. परंतु त्या वाचकाच्या मनांत कोणता समज घेऊन तें शिरतें, याचा विचार लेखकानें छापण्यापूर्वींच केला पाहिजे. आणि वाचकांनींहि, स्माइल्सला एकलकोंड्या यशाचा पुरस्कर्ता म्हणून निंदण्यापूर्वीं किंवा वंदण्यापूर्वीं, लीड्समधील ती कळकट खोली आठवावी.