मेणाचा पाय
१. मोत माउलीला (वांद्र्याची मरियामाता) नवस फेडताना दुखऱ्या अवयवाची मेणाची प्रतिकृती वाहतात. घर हवे असेल तर मेणाचे घर. मूळ लेखाच्या लेखकाला या प्रथेत बुद्धी गहाण पडलेली दिसते, ते मला पटत नाही. मेणाचा पाय वाहिला म्हणून औषध सोडा, असे चर्च शिकवत नाही. श्रद्धा आणि बुद्धी एकमेकींच्या विरोधात आहेत, असेही ते मानत नाही. तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांच्या मते देव आहे एवढे बुद्धीला उमगते, त्याचे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) मात्र श्रद्धेनेच कळते. बुद्धी आणि श्रद्धा या दोन्हींचा उगम एकच, म्हणून खरा विरोध संभवत नाही. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेनेही हेच जाहीर केले. पोप दुसरे जॉन पॉल यांचे श्रद्धा आणि बुद्धी यांवरचे परिपत्रक १४ सप्टेंबर १९९८ चे, म्हणजे मोत माउलीच्या वांद्र्यातल्या जत्रेच्याच आठवड्यातले. – संपा.