कोर्लईच्या लोकांनी माफी नेमकी कशाची मागायची?

मंडळी, मागच्या आठवड्यात कोर्लई किल्ल्याचा एक व्हिडिओ आपल्याकडच्या ग्रुपवर फिरत होता. व्हिडिओ छान होता, पण खालच्या कमेंट वाचून वाईट वाटलं. 'पोर्तुगीजांच्या अत्याचारांबद्दल आधी या गावातल्या ख्रिस्ती लोकांनी माफी मागावी,' असं एकाने लिहिलं होतं आणि त्याला भरपूर लाइकही होते. म्हणून थोडा इतिहास सांगतो. लांब आहे, पण वाचा.

पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला तो १५२१ साली, निजामशहाच्या परवानगीने. कुंडलिकेच्या मुखापलीकडचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये लढून घेतला. त्याआधीच, १५६० साली, गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं होतं. आपला चौल-रेवदंड्याचा भागही त्याच्याच हुकमतीत होता. मधली चार वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. गुप्त साक्षी, छळ, मालमत्तेची जप्ती, काहींना जाळणं, हे सगळं घडलं. गोव्यात आणि साष्टीत देवळं पाडली गेली. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली इन्क्विझिशनवर अख्खं पुस्तक लिहिलंय. हे नाकारण्यात काही अर्थ नाही.

पण या न्यायालयाच्या तावडीत मुख्यतः सापडायचं कोण? बाप्तिस्मा घेतलेला माणूस! जुने सण, जुने रीतिरिवाज घरात लपून पाळतो असा संशय आला तरी पुरे. म्हणजे त्या काळी ज्यांनी या न्यायालयाच्या धाकात दिवस काढले, त्यांत इथले गरीब ख्रिस्तीही होते. कोर्लईचे आजचे ख्रिस्ती त्यांचेच वंशज. पोर्तुगिजांच्या पदरी राबणारे इथलेच लोक आणि मिश्र वंशातली मुलं, यांच्यातून हा समाज तयार झाला.

१७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आलं. साहेब लोक निघून गेले, साधी रयत मागे राहिली. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली 'नोलिंग', म्हणजे आपली भाषा, ती आजही बोलते. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १७३९ मध्ये, वसई घेताना चिमाजी अप्पांनी मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मुभा दिली होती. याला क्षमा म्हणा नाहीतर राज्य चालवायचं शहाणपण म्हणा. लढाई कुणाशी आणि शेजारी कोण, हे त्यांना बरोबर कळत होतं.

आता माफीचा विषय निघालाच आहे, तर ख्रिस्ती धर्म त्याबद्दल काय म्हणतो तेही बघू. येशूने एक दाखला दिलाय. राजाने एका चाकराचं डोंगराएवढं कर्ज माफ केलं. तोच चाकर बाहेर पडला आणि किरकोळ रकमेसाठी दुसऱ्या चाकराचा गळा धरला. राजाला कळलं तेव्हा त्याची माफी रद्द झाली. म्हणजे देवाकडून क्षमा घ्यायची तर माणसाला द्यावी लागते. आणि कॅथलिक पापनिवेदनात नुसतं 'चुकलो' म्हणून भागत नाही. काय चुकलं ते सांगायचं आणि शक्य तिथे नुकसानही भरून द्यायचं.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली आग्जाने गोळ्या झाडल्या. चार दिवसांत, इस्पितळातूनच, पोपनी त्याला क्षमा केली. १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन भेटले. तरी आग्जा २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. क्षमा झाली म्हणून कायदा थांबला नाही. आणि याच पोपनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये, सगळ्या जगासमोर, सत्याच्या नावाखाली चर्चच्या लोकांनी केलेल्या जबरदस्तीबद्दल देवाकडे क्षमा मागितली. त्यात गोव्याचं नाव नव्हतं.

इथे मला माझी एक चूक आठवते. नवीन पत्रकार असताना माझ्या बातमीत एका माणसाची नाहक बदनामी झाली. बातमी पहिल्या पानावर आणि दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात, तीही त्याच्या नावाशिवाय. तो मला रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "तुम्ही माफी मागितलीत, पण माझी नाही." पुढे त्याने मला माफ केलं, आजही आम्ही चहा घेतो. पण त्याचं ते वाक्य काही विसरता येत नाही.

म्हणून गोव्याचं, चौलचं नाव घेऊन चर्चने बोलावं, ही मागणी मला रास्त वाटते. ती मागायची तर चर्चकडे मागा. तेव्हाचं चर्च संस्था म्हणून आजही आहे आणि आपल्या इतिहासाचं उत्तर ते देऊ शकतं. कोर्लईच्या शेतकऱ्याकडे ती मागणं म्हणजे कर्जदार सोडून भलत्याच्याच दारात वसुलीला जाणं. शिवाय त्याचे पूर्वजही त्या छळातच भरडले गेले असतील.

पुढच्या वेळी किल्ल्यावर जाल तेव्हा खाली गावातही थांबा. माणसांशी बोला. आणि ती कमेंट लाइक केली असेल, तर काढून टाका.