नेच्याचे पान की नेच्याची फांदी?

पावसाळा लागला की आपल्या गारगोटीच्या परिसरात जुन्या विहिरींच्या चिऱ्यांतून, ओढ्यांच्या दरडींवरून नेचे डोके वर काढतात. त्यांचे कोवळे पान घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते आणि शेंड्याकडे वाढत वाढत उलगडते. आंब्याचे पान असे टोकाने वाढत राहते काय? तो तर फांदीचा धर्म! मग नेच्याच्या या अवयवाला पान म्हणावे की फांदी?

मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर यांनी डी'अल्मेडा यांच्यासह १९२२ साली मुंबई इलाख्यातील नेच्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. नेचा ओळखावा कसा, हे अशा ग्रंथातून कळते. पान घडते कसे, हे कळण्यासाठी मात्र सुरी हाती घ्यावी लागली.

ती घेतली टेलर स्टीव्हज यांनी. ऑस्मुंडा नावाच्या नेच्याच्या शेंड्यावरील पानांचे सूक्ष्म अंकुर त्यांनी एकेक कापून निर्जंतुक पोषक द्रव्यात वाढविले. थोराड अंकुरांची पानेच झाली. पण अगदी कोवळ्या अंकुरांपैकी पुष्कळांची चक्क स्वतंत्र रोपे झाली! म्हणजे पानपण जन्मतःच ठरलेले नव्हते, ते हळूहळू अंगी येत होते. हा निबंध १९६१ साली छापला गेला तो दिल्लीच्या 'फायटोमॉर्फॉलॉजी' या नियतकालिकात. पंचानन माहेश्वरींनी लावलेल्या या रोपाचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही, याचे मला वाईट वाटते.

असे का व्हावे, हे सुरीला सांगता येईना. उत्तराचा धागा सापडला तो मक्यात. मक्याच्या पानावर गाठी उठविणारे एक जनुक १९८९ साली हाती आले. त्याच्या कुळाला 'नॉक्स' म्हणतात. ही जनुके शेंड्यातील पेशींना कोवळ्या, अनिर्णीत अवस्थेत ठेवतात. मक्यात पानाचा अंकुर फुटावयाच्या जागी ती गप्प होतात, आणि मगच पान पान होते. टोमॅटोसारख्या कातरलेल्या पानात ती पुन्हा जागी होतात. २००५ साली ऑस्मुंडाची तपासणी झाली, तेव्हा त्याच्या कोवळ्या पानात नॉक्स जागेच आढळले. स्टीव्हज यांच्या अंकुरांना फांदीची आठवण का होती, याचा उलगडा बहुधा येथे आहे. ऑस्मुंडा आपल्या सह्याद्रीतही ओढ्याकाठी वाढतो, हे जाता जाता सांगतो.

पण एवढ्याने वाद मिटला असे समजू नये. फुलझाडांत फूल घडविणारे 'लीफी' नावाचे जनुक नेच्यातही आहे, आणि नेच्याला तर फूलच नाही! मग ते तेथे करते काय? सेराटॉप्टेरिस या पाणनेच्यात ते दाबून पाहिले, तेव्हा शेंड्याची वाढच खुंटली. हे प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाले. पुढे फुले उमलविणारे हे जनुक नेच्यात निव्वळ शेंडा जिवंत ठेवण्याचे काम करीत होते.